रुसलेल्या जावयाची चिठ्ठी

कापसाचा भाव पडलेल्या त्या वर्षांत यवतमाळच्या आमच्या घरी चार माणसं जमली की बोलणं कापसावरच यायचं. मला त्याचा वीट आला. म्हणून मी एका संध्याकाळचा खेळ रचला. लग्नघर, आणि प्रत्येकाला आयती भूमिका. तू कोण आणि तुला कोणाकडून काय हवं, एवढंच चिठ्ठीवर; बोलायचं ज्यानं त्यानं सुचेल तसं.

रुसलेल्या जावयाची चिठ्ठी मी वणीहून आलेल्या बहिणीच्या नवऱ्याला दिली आणि तिथंच चुकलो. तो जेवणार नाही म्हणून तोंड फिरवून बसला. बाबा खेळात बँडवाले होते, पण खरा जावई उपाशी बसलेला त्यांना बघवेना. ते ताट घेऊनच आले. "जवाईबापू, उठा. जेवून घ्या." तो मुकाट्यानं जेवायला बसला. माझी सगळी तयारी पाण्यात गेली.

पुढच्या वेळी मी चिडून ती चिठ्ठी बाबांनाच दिली. ते भिंतीकडे तोंड करून जे बसले, ते कोणाच्याच मनवण्यानं उठेनात. खेळ संपला, ताटं वाढली, तरी तिथंच.

"बाबा, झालं ना आता," मी म्हणालो.

"जिंदगीभर सगळ्यायले मीच मनवलं," ते खुशीत म्हणाले. "आता घडीभर रुसू दे ना मले."