शालीसाठी वाजलेली शिट्टी

पोशेऱ्याच्या नवशीचा राग नाकावर असतो, असं गावात म्हणतात. असू दे की. ज्यांना कधीच राग येत नाही, त्यांनी या तालुक्याचं काय भलं केलंय?

भातकापणी झाली की मोकळ्या खाचरांत फुटबॉलचे सामने लागतात. नवशी आधी खेळायची. गुडघा दुखावला तशी झेंडा घेऊन कडेला धावू लागली, आणि तिथून होतकरू पंचांच्या प्रशिक्षणात तिची निवड झाली. जव्हारला शिबिरं झाली, नियम पाठ झाले. आता मोखाड्याचा अंतिम सामना तेवढा उरला होता. शहरातून निरीक्षक येणार, सहायक पंच म्हणून तिचं काम बघणार आणि पसंत पडलं तर तिला राज्याच्या सामन्यांवर पाठवणार.

आता आपल्याकडची रीत अशी, की पाहुण्यांची गाडी मैदानाला लागली की खेळ थांबतो. चेंडू कुठंही असो. हार, नारळ, शाल आणि पाहुण्यांचे दोन शब्द, जे कधीच दोन नसतात.

त्या दिवशीही पाहुण्यांची गाडी आली. आयोजक गोवर्धनशेठनी हात केला आणि मुख्य पंच प्रसादनं शिट्टी फुंकली. बुध्यानं मारलेला चेंडू तेव्हा जाळ्याच्या तोंडाशी होता. तो आत गेला, बुध्याचा संघ नाचू लागला. शिट्टी आधी वाजली होती, म्हणून गोल नाही म्हटल्यावर पोरांनी प्रसादला घेरलं. समोर शहरातले निरीक्षक सुरुवातीपासून बसलेले. पाहुण्यांसाठी खेळ थांबवला, हे तो कुठल्या तोंडानं सांगणार? तो नवशीजवळ आला आणि झेंडा वर कर, ऑफसाइड म्हणू, असं पुटपुटला. तिनं झेंडा खालीच ठेवला. तेव्हा या गड्यानं तिच्याकडं बोट दाखवून जाहीर केलं, की ऑफसाइड नवशीनंच दिलाय.

मग काय, लोकांनी तिला शिव्या घातल्या. तिच्या आईलाही सोडलं नाही.

तेवढ्यात माइकवर तिचंच नाव पुकारलं गेलं. शाल तिच्यासाठी होती! तालुक्याची लेक, डोंगरची वाघीण, वगैरे. मंडपाकडं नेताना गोवर्धनशेठ तिला समजावत होते, की निरीक्षक बघताहेत, हसून घे, तुझं काम झालंच समज.

नवशीच्या अंगाचा तिळपापड झाला. पोरांचा गोल बुडवायचा, खोटं तिच्या माथी मारायचं आणि वर तिचाच सत्कार? पाहुण्यांनी शाल उघडली तशी ती मागं सरकली. तिनं माइक हातात घेतला.

"ऑफसाइड नव्हता. मी झेंडा वर केलाच नाय. शिट्टी या शालीसाठी वाजली."

शाल पाहुण्यांच्या हातातच राहिली.

बुध्याचा संघ शेवटी हरलाच. वाजलेली शिट्टी परत घेता येत नाही. नवशीही राज्यावर गेली नाही. निरीक्षकांनी म्हणे तिचे निर्णय बरोबर ठरवले आणि वागणूक नापास केली. प्रसाद मात्र पुढं गेला. हे सांगतानाही संताप येतो.

महिन्याभरानं गोवर्धनशेठ जीप करून पोशेऱ्याला आले. नवशी अंगणात नागली पाखडत होती. तिनं पाहुण्यांची माफी मागितली तर अजून जमण्यासारखं आहे, वरती बोलणं झालंय, असं त्यांनी सांगितलं.

"मागीन," नवशी म्हणाली. शेठ खुलले. तिनं सूप खाली ठेवलं.

"आधी तुम्ही बुध्याच्या पोरांची मागा. सगळ्यांसमोर. मग माझी वाट बघा."