वहीतला शेवटचा रकाना

"मोठ्यानं वाच. सगळ्यांना कळू दे."

सरांनी माझी वही माझ्याच हातात दिली आणि खुर्चीत मागे रेलले. नगरमधल्या सावेडीतला त्यांचा बंगला. दर रविवारी खेड्यातल्या पोरांना प्रवेशाचं फुकट मार्गदर्शन करायचे. हॉलमध्ये पंधरा-वीस पोरं, त्यांचे आईबाप. माझे आण्णा दाराशी, चपलांच्या ढिगाजवळ उभे. सोफ्यावर जागा होती. बसा म्हणून कुणी म्हटलं नव्हतं.

बी.एस्सी. संपत आली होती. एम.एस्सी.ला मला मुंबईला जायचं होतं. चार विद्यापीठं मी वहीत लिहिली होती, रकाने आखून. विषय. प्रवेश परीक्षा. कट ऑफ. आणि शेवटचा रकाना: दिवाळीत वसतिगृह चालू असतं का?

तो मी वाचला आणि सर हसले.

"हिला विद्यापीठ नको, धर्मशाळा पाहिजे!"

सगळा हॉल हसला. खोटं कशाला बोलू, कसनुसं का होईना, मीही हसले. त्याचीच जास्त लाज वाटते.

"दिवाळीला घरी जात नाहीस का तू?"

घरी? जामखेडकडचं आमचं घर दसऱ्यालाच कुलूप लावून बंद होतं. आई-आण्णा ऊसतोडीला जातात, ते होळीच्या पुढेमागे परततात. पहिल्या वर्षी नगरच्या वसतिगृहाला दिवाळीचं टाळं लागलं, तशी मी पेटी उचलून थेट उसाच्या फडात गेले. आईबापांच्या कोपीत, त्या पाचटाच्या झोपडीत राहिले, सुट्टीभर मोळ्या बांधल्या. उसाच्या वाळल्या पाचटानं हात चिरले. परत आल्यावर प्रयोगशाळेत नळी धरली की बोटं झोंबायची. आमच्यातली पोरगी कॉलेजचं नाव मागून बघते, आधी कुलूप बघते.

हे सगळं सांगायचं होतं. तोंडातून एवढंच निघालं, "न्हाई जाता येत."

सरांनी चारही नावांवर लाल पेनानं रेघा मारल्या आणि लॅपटॉप पुढे ओढला. सगळ्या विद्यापीठांचा मिळून ऑनलाइन अर्ज एकच होता. पसंती एकदा नोंदली की बदलायची सोय नव्हती.

"मुंबई तुमच्यासारख्यांना झेपत नाही. जाता आणि रडत येता. जवळचं एक कॉलेज टाकतो, बस. काय मामा, वर्षभरात लग्नच करायचंय ना पोरीचं?"

आण्णांनी हात जोडले. "तुमी म्हणताय तर बराबरच आसंल, साहेब. आमाला काय कळतंय."

लाल रेघा एवढ्या लागल्या नाहीत. ते हात लागले. कोयत्यानं घट्टे पडलेले हात, पोरीचा गळा कापणाऱ्याचे आभार मानत होते. मला आण्णांचा राग आला. आजही आहे.

माझा मोबाईल थरथरला.

"पसंती नोंदायचा ओटीपी आला असेल. सांग."

सहा आकडे होते. मी बघत राहिले. ऊसतोडीची टोळी कुठल्या साखर कारखान्याला जाणार ते मुकादम ठरवतो. माझे आण्णा जन्मभर ट्रकात चढल्यावर विचारत आले, आवंदा कुठं चाललोय?

"सांग की गं," आण्णा म्हणाले.

"न्हाई सांगत."

"काय?" सरांनी मान वर केली.

"न्हाई सांगत. अर्ज माझा हाय."

"फुकट मिळतंय म्हणून माज आला का? चल, ऊठ. परत या दारात पाय ठेवायचा नाही."

मी वही उचलली. हॉलमध्ये आता कुणी हसत नव्हतं. ढिगातून आण्णांच्या चपला शोधून त्यांच्या पुढ्यात ठेवल्या आणि बाहेर पडले.

माळीवाड्याच्या एसटी स्टँडपर्यंत आण्णा माझ्या दहा पावलं पुढे चालले. बाकावर बसून मी मोबाईलवर अर्ज भरला, पसंती नोंदायचं बटण तेवढं राखून ठेवलं. लाल रेघांखालची चारही नावं नीट वाचता येत होती.

"आन् न्हाई लागला नंबर, तर?"

"तर न्हाई लागला. पर कुठं चाललेय ते मला ट्रकात चढायच्या आधी ठाव आसंल."

आण्णांनी तोंड फिरवलं. त्यांनी मला माफ केलं की नाही, ठाऊक नाही. मी विचारलेलं नाही.

शेवटच्या रकान्यात एका ठिकाणी अजून प्रश्नचिन्ह होतं. दुसऱ्या दिवशी त्या वसतिगृहाला फोन लावला. दिवाळीत चालू असतं का, विचारलं. पलीकडचा माणूस हसला.

"दिवाळीत कोण राहतं हो इथं?"

"मी राहणार आहे," म्हटलं. "तुमचं हसून झालं की सांगा. मी लिहून घेतेय."