सात गाण्यांवर पब्लिकचं मत

प्रशांतने सायबर कॅफेतून आणलेली प्रिंटआउटची चार पानं माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाला, "ताई, वाच. मोठ्याने नको."

मी मनात वाचलं. त्यांच्या बँडच्या सात गाण्यांपैकी दोन इंटरनेटवर टाकली होती, त्यावर ऐकणाऱ्यांनी मतं दिली होती. गिटारच्या सुरावटी आवडल्या होत्या. कीबोर्ड आवडला होता. पण जवळजवळ प्रत्येकाचा एकच सवाल होता, गाणाऱ्याचा आवाज एवढा पुढे का? एकाने लिहिलं होतं, छान गाणं ऐकत असताना कोणीतरी कानाशी येऊन खेकसावं तसं वाटतं. दुसऱ्याचं म्हणणं होतं, मिक्स करणाऱ्याने हे संगीत आधी कधी ऐकलेलं नसावं.

मिक्स मी केलं होतं. आणि खरंच, ऐकलेलं नव्हतं.

तेव्हा मी उल्हासनगरच्या एका छोट्या स्टुडिओत रेकॉर्डिस्ट होते. मालक लच्छूशेठ. आमच्याकडे भीमगीतं व्हायची, सिंधी भजनं व्हायची, निवडणुकीत रिक्षावर लावायच्या घोषणा व्हायच्या. हे सगळं मिक्स करताना, म्हणजे आवाज आणि वाद्यं एकमेकांत बसवताना, नियम एकच, शब्द वर, वाजवणारे खाली. मला तो नियम पटायचा. शाळेत असल्यापासून मी बाबांबरोबर अंबरनाथला दारोदार चळवळीची पत्रकं वाटली आहेत. वाचणाऱ्याला कळलं नाही तर ती रद्दी, असं बाबा म्हणायचे.

बँडचा गायक प्रशांत अंबरनाथ एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत शिफ्टला जायचा. गिटार आणि कीबोर्ड वाजवणारा केदार बदलापूरचा. त्यांचं संगीत म्हणजे मेलोडिक ब्लॅक मेटल. ड्रम पत्र्यावर गारा पडाव्यात तसे, गिटारचा अखंड गोंगाट, आणि त्या गोंगाटात लपलेली एक उदास चाल. ती चाल हाती लागते, म्हणून मेलोडिक. गाणारा गात नाही, घसा खरवडून ओरडतो. हे ओरडणं गिटारच्या आत बुडालेलं असतं. ते तसंच असायला हवं असतं, हे मला कोणी सांगितलं नव्हतं. मी विचारलंही नव्हतं.

लच्छूशेठची एक पद्धत होती. मिक्स फायनल करण्याआधी दरवाजा उघडायचा आणि गल्लीतल्या चार लोकांना बोलावून ऐकवायचं. "पब्लिक पास करे तो पास." मला ही पद्धत फार आवडायची. हेडफोन लावून बसलेला एक शहाणा ठरवणार नाही, लोक ठरवतील. यापेक्षा लोकशाही काय असते?

सातही गाणी ऐकवली. शेजारचे टेलर मोटूचाचा पहिल्याच गाण्याला सुई खाली ठेवून म्हणाले, "बेटी, इसको तकलीफ क्या है?" झेरॉक्सवाल्या वहिनींना कीबोर्ड आवडला, पण या मुलाचा घसा कोणाला तरी दाखवा म्हणाल्या. स्टँडवरचा रिक्षावाला मात्र शेवटपर्यंत थांबला. "तो बोलतोय काय ते कळू दे ना आधी," तो म्हणाला. "मग घाबरू."

सगळ्यांची तक्रार तीच, शब्द कळत नाहीत. आणि शब्द मी वाचले होते. मराठी होते. प्रशांतने कंपनीमागच्या नदीवर लिहिलं होतं, शिफ्टगणिक रंग बदलणाऱ्या पाण्यावर. ही सात गाणी म्हणजे मला सात पत्रकं वाटली. मग मी त्याचा आवाज सातही गाण्यांत वर घेतला. त्याला जागा व्हावी म्हणून गिटार खाली दाबली.

प्रशांत शिफ्ट संपवून आला, थकलेला होता. एक गाणं ऐकून म्हणाला, "आवाज थोडा पुढे वाटतोय, ताई." मी त्याला गल्लीतल्या लोकांची मतं सांगितली, शब्द पोचणं का महत्त्वाचं आहे ते सांगितलं. बराच वेळ सांगितलं. तो सीडी घेऊन गेला.

आता चौथ्या पानावर बंगलोरच्या एका छोट्या कंपनीचा ईमेल होता. ती अशाच गाण्यांच्या सीडी काढायची. आवाज मागे घेऊन महिनाभरात पाठवा, अल्बम काढतो, असं लिहिलं होतं. महिन्यानंतर केदार नोकरीसाठी दुबईला चालला होता. म्हणजे बँडचा हा पहिला आणि शेवटचा अल्बम.

"महिना आहे," प्रशांत म्हणाला. "होईल ना?"

रेकॉर्डिंगमध्ये प्रत्येक वाद्य आणि आवाज वेगळा साठवतात, त्याला ट्रॅक म्हणतात. ट्रॅक असले की मिक्स पुन्हा करता येतं. नुसत्या तयार सीडीवरून आवाज मागे घेणं म्हणजे चहातून साखर परत काढणं. आणि भीमजयंतीच्या गाण्यांची गर्दी सुरू झाली तशी हार्ड डिस्क रिकामी करायला मी यांचे ट्रॅक पुसले होते. गाणी करून घेणारी पार्टी सीडी घेऊन गेली की पुसायचं, हीच आमची रीत.

मी आतल्या खोलीत जाऊन लच्छूशेठना सांगितलं. ते शांतपणे म्हणाले, "बोल दे, आवाज रेकॉर्ड ही ऐसा हुआ था. आर्टिस्ट की गलती." मी नाही म्हटलं. "तो फिर तू जान," म्हणाले आणि फोनकडे वळले.

बाहेर येऊन प्रशांतला सगळं सांगितलं. तो चिडला नाही. चिडला असता तर बरं झालं असतं.

"मी तेव्हाच बोललो होतो, आवाज पुढे वाटतोय."

"बोलला होतास."

"मग?"

"मी ऐकलं नाही."

दोन दिवसांनी केदारचा फोन आला. कीबोर्डचे सूर घरी बसवून बघायला त्याने तीन गाण्यांचे सगळे ट्रॅक नेले होते, ते त्याच्या कॉम्प्युटरवर होते. बाकी चार गाणी पुन्हा वाजवायला ड्रमर उरला नव्हता, तो पुण्याला गेला होता.

तीन गाण्यांचं मिक्स प्रशांतला शेजारी बसवून केलं. तो अजून खाली, अजून खाली म्हणत राहिला. शेवटी एक शब्द कळेना. मी न राहवून म्हटलं, "इतकं चांगलं लिहिलंस, कोणाला कळणार?"

"शब्द कव्हरच्या आतल्या कागदावर छापू," तो म्हणाला. "वाचायचं तो वाचेल. आवाजातून त्या पाण्याचा वास आला पाहिजे, बस."

कंपनीने तीन गाण्यांची सीडी काढली. पुन्हा मतं आली, पुन्हा प्रिंटआउट. आवाजाबद्दल कोणाचीही तक्रार नव्हती. तक्रार एकच होती, तीनच गाणी का? कोणीतरी थेट विचारलं होतं, बाकीची कधी येणार? केदार तोवर दुबईला गेला होता. प्रशांतने उत्तर दिलं नाही. द्यायला हवं होतं ते मी, पण मीही दिलं नाही.

गल्लीतल्या लोकांना मी नंतरही ऐकवत राहिले. ते खोटं कधीच बोलले नव्हते. फक्त हे गाणं कोणासाठी आहे, ते मी आधी गाणाऱ्याला विचारायला लागले. लच्छूशेठच्या मते त्यात फुकट वेळ जातो. पाच मिनिटं लागतात.