भाऊंचं एक काम बाकी आहे

आमच्या भाऊंइतका संशयी माणूस अख्ख्या नागपुरात दुसरा नाही, आणि असलाच तर भाऊंचा त्याच्यावरही विश्वास बसणार नाही. भाऊ म्हणजे माझे सख्खे भाऊ नव्हेत. सदरमधल्या ज्या ऑफिसात मी नोकरी करतो तिथले ते सगळ्यात जुने सुपरवायझर. आम्ही दुकानांना, दवाखान्यांना फर्निचर बसवून देतो आणि ते नीट बसलं की नाही हे भाऊ बघत. बघत म्हणजे काय, छळत! घरी वहिनींनी चहात साखर टाकली म्हटलं तरी चमचा तळापर्यंत फिरवून, चाटून मगच पिणार. एकदा आम्ही सगळे रामटेकला निघालो होतो. कामठीपर्यंत गेलो आणि भाऊंनी गाडी वळवायला लावली. का, तर घराचं कुलूप तीनदा ओढून पाहिलं होतं हे त्यांना आठवत होतं, पण तिसऱ्यांदा ओढल्यावर ते हललं होतं का हे आठवत नव्हतं. प्रताप नगरला परत येऊन त्यांनी ते चौथ्यांदा ओढलं. वहिनी गाडीतून उतरल्यासुद्धा नाहीत.

अशा माणसाच्या हातात मी कामांची यादी ठेवणारं सॉफ्टवेअर दिलं, ही माझी चूक. त्यात रंगीत तक्ते होते, पट्ट्या होत्या, पण आमच्या लोकांना झेपावं म्हणून मी सगळ्यात साधा प्रकार निवडला. कामाचं नाव, करणाऱ्याचं नाव, तारीख आणि पुढे एक चौकोन. काम झालं की चौकोनात टिक करायची, ओळ फिकी होते. झालं! इतकं सोपं की कुणाला समजवावंच लागू नये. भाऊंनी चष्मा कपाळावरून नाकावर घेतला आणि फिक्या झालेल्या ओळीवर बोट ठेवलं.

"ह्याले कोणं सांगतलं का हे झालं म्हणून?"

"भाऊ, ज्यानं काम केलं त्यानंच टिक केली ना."

"आन त्यानं केलं हे कोणं पाह्यलं?"

दुसऱ्या दिवशी बारा ओळींच्या यादीत चोवीस ओळी होत्या. "कपाटाला कडी लावणे" याच्या खाली "कडी लावली का पाहणे". आठवडाभरात तिसरी पिढी जन्माला आली, "पाहिलं म्हणतो त्याला विचारणे". एवढ्यावर थांबते तर ते भाऊ कसले? कोणी कधी टिक केली याची नोंद सॉफ्टवेअर ठेवतं हे त्यांना कळलं, आणि ती ते ठाणेदारासारखी वाचू लागले. लोकांनी टिक करायची आणि भाऊंनी ती काढायची, असा रोजचा तमाशा. एका दुकानाचं काचेचं दार बसल्याची टिक त्यांनी ऑफिसातून काढली, तिथे जाऊन दार चाळीस वेळा उघडलं-मिटलं, आणि खालचा एक स्क्रू बसवलेलाच नाही हे शोधून आले. बास! आता त्यांना बोलायची सोयच उरली नाही. एकदा वैतागून मी विचारलं, "भाऊ, तुम्ही जन्मापासून असेच आहात का हो?"

"असाच हाव," ते शांतपणे म्हणाले. "उमरेडले आमच्या घरी माग होता. नवा ताणा जुन्याले जोडाचा म्हणजे एकेका धाग्याले गाठ. बाप गाठ मारे आन मी ओढून पाहो. एक जरी सुटली तरी लुगडं वाया जाये. आता बाप होता म्हणून का मी गाठ ओढाची नाही?"

बापाची गाठ ओढून पाहणारा माणूस आमच्या सुताराच्या टिकेवर भरोसा ठेवेल, ही अपेक्षाच मूर्खपणाची होती.

मग त्यांच्या मुलीचं लग्न ठरलं. एकुलती एक. अमरावतीचं स्थळ, मुलगा चांगला, घर चांगलं, असं सगळे म्हणत होते. सगळे म्हणत होते, हेच तर भाऊंचं दुखणं होतं. "लोक तं म्हनतेच गा," ते मला म्हणाले. "पोरीले तिथं गोड लागून राहिलं का कडू, हे मले इथून कसं दिसन?" आणि माझ्यासमोर बसून त्यांनी लग्नाची यादी त्याच सॉफ्टवेअरमध्ये टाकून घेतली. माझ्या बासष्ट ओळी, सकाळपर्यंत एकशे अठरा. सगळ्यात शेवटची ओळ त्यांनी स्वतः एका बोटानं टाइप केली, "पोरगी खुश आहे". करणाऱ्याचं नाव म्हणून स्वतःचं. तारीख लग्नानंतर पंधरा दिवसांची. मी हसलो. ते हसले नाहीत.

नातेवाइकांच्या मोबाईलवर ती यादी गेली आणि घरात युद्ध पेटलं. मुलीच्या मामांनी सोफ्यावर पडल्या पडल्या एका मिनिटात चौदा कामं उरकली. भाऊंनी नोंद वाचली. "चौदा कामं एका मिनिटात? हा साला माणूस हाय का मशीन?" चौदाही टिका काढल्या गेल्या. वहिनी मला म्हणाल्या, "ह्या मोबाईलचं काही करा हो, नाहीतर पोरीच्या आधी मीच माहेरी जाईन."

लग्नाच्या दिवशी मात्र सगळं जागेवर होतं. भाऊ पोत्यांत हात घालून, खुर्च्या हलवून, आचाऱ्याच्या कढया वाकून पाहून थकले होते. मुहूर्त आला, नवरा-नवरी पाटावर उभे राहिले, हातात अक्षता आल्या आणि गुरुजींनी अंतरपाट मागितला. हा काही साधा अंतरपाट नव्हता. भाऊंच्या वडिलांनी तो स्वतःच्या मागावर विणलेला, घरातल्या प्रत्येक लग्नात तोच धरलेला. इकडे बघ, तिकडे बघ, कुठेच नाही. मी घाईघाईनं मोबाईलवर यादी उघडली. "अंतरपाट आहे का पाहणे" अशा पाच ओळी, पाचही झालेल्या, आणि पाचही खुद्द भाऊंच्या नावानं! कोणी हरवेल या भीतीनं त्यांनी तो पाच दिवस रोज कपाट उघडून हातानं चाचपला होता आणि परत कुलूप लावलं होतं. तो सोबत घेऊन निघण्याची ओळ मात्र एकशे अठरांत कुठेच नव्हती. कपाट प्रताप नगरला आणि किल्ली भाऊंच्या खिशात!

"भाऊजी, टिक तं हाय ना?" मामांनी मोका साधला. चौदाचा बदला एकात निघाला.

मांडव हसत होता आणि भाऊंचा चेहरा उतरला होता. मला त्यांची दया आली, अगदी मनापासून. त्यांनी खांद्यावरचं उपरणं काढलं, दोन्ही हातांनी ताणून पाहिलं आणि गुरुजींच्या हाती दिलं. त्याच्याआड नवरी खुदुखुदु हसत होती आणि डोळे पुसत होती. पाठवणीच्या वेळी सगळे रडले. भाऊ गाडीची दारं नीट लागली का ते ओढून पाहत होते. चारही.

पंधराव्या दिवशी यादीतली शेवटची ओळ फिकी झाली. मुलीनं अमरावतीहून टिक केली होती. तासाभरात भाऊंनी ती काढली. तिनं परत केली, परत निघाली. असं आठ दिवस चाललं. शेवटी तिनं फोन केला, तेव्हा भाऊ ऑफिसात माझ्यासमोरच बसले होते. "बाबा, मी खुश आहे म्हणून तर टिक करून राहिली ना!" तिचा आवाज मलाही ऐकू येत होता.

"तू केलं वं बाई. मी कुठी पाह्यलं?"

रविवारी ते बसनं अमरावतीला गेले. सोमवारी मी आल्या आल्या यादी उघडली. ओळ तशीच, चौकोन रिकामा. खोटं कशाला सांगू, तोवर भाऊंचा संशय मलाही डसला होता. नवरा नीट नसेल, सासू बोलत असेल, पोरीनं बापापासून लपवलं असेल, काय काय मनात येऊन गेलं. भाऊ आले, डबा ठेवला, बसले. मी दार लोटून विचारलं, "भाऊ, काहून टिक नाही केली? काही त्रास आहे का तिला?"

"नाही गा. लय खुश हाय. जेवताना पाह्यलं, हसताना पाह्यलं, सासूसंग भांडतानाही पाह्यलं. पक्की गाठ हाय."

"मग करा ना टिक!"

त्यांनी चष्मा काढला आणि शर्टाच्या टोकानं बराच वेळ पुसला. "केलं का मंग काम संपलं ना. मंग पुढच्या रविवारी मी कोणत्या कामानं जाऊ?"

मी आपला उठून चहा सांगायला गेलो.

भाऊ आता निवृत्त झालेत. गुडघे दुखतात, तरी महिन्यातून एका रविवारी अमरावतीची बस धरतात, आणि निघताना घराचं कुलूप तीनदा ओढतात, असं वहिनी सांगतात. ऑफिसात त्यांच्याइतकं दार वाजवून पाहणारं कोणी उरलं नाही. सगळे टिक करतात आणि घरी जातात. लग्नाची ती यादी अजून माझ्या कॉम्प्युटरवर आहे, एकशे सतरा ओळी फिक्या आणि एक काळी. या यादीवर बरेच दिवसांत काही झालेलं नाही, बंद करायची का, असं सॉफ्टवेअर मला दर महिन्याला विचारतं. मी "नाही" दाबतो, आणि ते खरंच दाबलं गेलं का, ते एकदा पाहून घेतो.