आंगूळ मागनं करा!

हे बघा, आधी कप खाली ठेवा. मागं हा किस्सा सांगितला तेव्हा एकाच्या नाकातून चहा आला होता! आता काय सांगू तुम्हाला, फजिती सगळ्यांचीच होते. पण लंगोटावर, हलगीच्या तालावर, होणाऱ्या सासऱ्यासमोर झालेली फजिती तुम्ही ऐकली नसणार.

तेव्हा मी कोल्हापुरात मराठी शाळेवर मास्तर होतो, लग्न व्हायचं होतं. महाराजांचा काळ. पेठेपेठेत तालमी, पोरगं चालायला लागलं की बाप त्याला मातीत नेऊन सोडायचा. मला मात्र कुणी सोडलं नाही, कारण सोडलं तर सापडणार नाही इतका मी बारीक! माझं वेड वेगळं होतं. सुट्टी लागली की खांद्यावर पडशी टाकायची आणि पायी निघायचं. सोबतीला दस्तगीर. त्याच्या वडिलांचं अत्तराचं आणि शिकेकाई-रिठ्याचं दुकान. त्यामुळे आमच्या पडशीला असा वास यायचा की वाटेतली कुत्रीसुद्धा बिचकून मागं सरायची.

तुम्ही कधी चार दिवस पायी चाललाय? पहिल्या दिवशी पाय छळतात. दुसऱ्या दिवशी डोकं. खाजतं हो! धूळ, घाम, तेल, सगळं एक होऊन शेंडीची वात होते. मग मला कुतूहल लागलं, की जी माणसं जन्मभर चालतात ती काय करतात? दिसेल त्याला मी विचारत सुटलो. एक धनगर म्हणाला, "ताक चोळायचं डोस्क्याला." एक गाडीवान म्हणाला, "घाम यिऊ दे की! घामानंच मळ वाहून जातोय." मी सगळं वहीत लिहून घ्यायचो. दस्तगीर म्हणायचा, "मास्तर, लोकं देव बघाय जात्यात, तू लोकांचा मळ बघाय जातोस."

अशातच कुरुंदवाडहून मामांचं पत्र आलं. स्थळ होतं. मुलगी चांगली, घर चांगलं. फक्त मुलीचे वडील, अण्णा, स्वच्छतेच्या बाबतीत फार कडक. मामांनी लिहिलं होतं: 'आधीच्या मुलाची नखं बघून नकार दिला. त्याच्या आधीच्याचे कान बघून. तू आगगाडीनं ये, आणि चकचकीत होऊन ये.'

शहाणा माणूस आगगाडीनं गेला असता. मी उलट कळवलं, पायी येतो! मनात म्हटलं, चार दिवस चालूनही जो चकचकीत पोचेल, त्याला अण्णा नकार देतीलच कसा? मामांचं उत्तर आलं, 'तुझं डोकं फिरलंय. नदीच्या उतारावर दोन माणसं पाठवतो.'

ही दोन माणसं लक्षात ठेवा बरं का.

निघताना आईनं बजावलं, लग्नाचं काम आहे, आधी जोतिबाचं दर्शन घे. म्हणून कुरुंदवाड पूर्वेला असताना आम्ही पश्चिमेचा डोंगर चढलो. तिथं कुणीतरी "चांगभलं!" म्हणत गुलालाची ओंजळ माझ्या डोक्यावर रिकामी केली. मी काय केलं? तळ्यावर जाऊन तांब्याभर पाणी ओतलं! शेजारच्या म्हातारीनं कपाळावर हात मारला.

"आरं देवा! गुलाल कोरडा झटकायचा आसतोय. मग त्याल लावून पुसायचं. पाणी शेवटाला! कोण रं तू?"

"मास्तर हाय ते," दस्तगीर म्हणाला.

"तरीच!"

डोक्याचा नुसता लाल लगदा. सगळी शिकेकाई तिथंच संपली, तरी शेंडी गुलाबी ती गुलाबीच राहिली. दुसऱ्या दिवशी एका विहिरीवर पाणी शेंदताना गांधीलमाशी कानाला चावली. कान फुगून पुरीसारखा झाला. चकचकीत व्हायला निघालेला नवरदेव आता गुलाबी शेंडीचा आणि पुरीच्या कानाचा झाला होता. कान बघून नकार देणारा सासरा, आणि माझा कान हा असा!

तिसऱ्या दिवशी एका गावात तालीम दिसली. पैलवान मेहनत करून घामाघूम झालेले, कुस्त्या खेळून खेळून कान फुगलेले, पण अंगाला वास म्हणून नाही. माझं कुतूहल जागं झालं. मी वस्तादांना विचारलं.

"आमची लाल माती," वस्ताद म्हणाले. "हळद, ताक, लिंबू, त्याल घालून मुरवल्याली. अंगाला लावायची, वाळू द्यायची, चोळून काढायची. घाम ऱ्हात न्हाय, मळ ऱ्हात न्हाय. मग आंगूळ."

मी हात पुढं केला. त्यांनी थोडी चोळून दाखवली. काय सांगू, हात असा निघाला, जणू दुसऱ्याचाच! माझे डोळे बघून वस्तादांनी हसत एक पुरचुंडी बांधून दिली. कान आणि शेंडी गेली खड्ड्यात. अंग तरी असं लखलखीत करतो की अण्णांची नजर कानापर्यंत जाणारच नाही, असं मी ठरवलं.

चौथ्या दिवशी सकाळी नदी ओलांडून आम्ही कुरुंदवाडच्या काठाला लागलो. दस्तगीर खालच्या अंगाला धुणं धुवायला गेला. मी लंगोट लावला आणि माती फासली, कपाळापासून घोट्यापर्यंत! मग वाळायला उन्हात उभा राहिलो. वाळली की चोळायची आणि नदीत उडी मारायची, असा बेत.

तेवढ्यात धावत दोन माणसं आली. एक मिशीवाला, एक टक्कलवाला.

"आलासा व्हय, पावणं? किती वाट बघायची!"

मी ओळखलं. मामांची माणसं! म्हटलं, "आलो की. आंघोळ उरकतो आणि निघू."

"आंगूळ? आत्ता? आंगूळ मागनं करा! तिकडं सगळी खोळंबल्यात."

मिशीवाल्यानं माझा दंड चाचपला. "बारीक हाय, पर काटक हाय." टक्कलवाल्यानं माझा कान धरून उन्हाकडं वळवला. "कान बघ की! मुरल्याला गडी हाय. आन् गुलाल बी ताजा हाय!"

आता तुम्ही म्हणाल, तुला कळलं कसं नाही? अहो, मामांच्या पत्रात काय होतं? अण्णा कान बघतात! मला वाटलं, अण्णांनी मामांच्या माणसांनाच आधी पारखून घ्यायला सांगितलं असणार. आणि कान त्यांना पसंत पडला, याचा मला काय आनंद झाला म्हणता!

"धोतर तरी नेसतो," मी म्हटलं.

"तितं कोण धोतर नेसून येतंय? चला!"

हे जरा चमत्कारिक वाटलं. पण प्रत्येक गावची वर बघायची रीत वेगळी. स्वच्छता बघणारा माणूस कपडे कशाला बघेल? तो अंगच बघणार. मला उलट उत्सुकताच लागली, की पुढं आणखी काय काय बघतात! दस्तगीर ओला पंचा खांद्यावर टाकून धावत आला, त्यानं माझ्याकडं बघितलं, त्या दोघांकडं बघितलं, आणि पडशी उचलून मागून चालू लागला.

गावाच्या कडेला पोचलो तर हलगी वाजत होती. माणसांची ही गर्दी! मला बघताच आरोळी उठली. मी भारावून गेलो हो. एवढं स्वागत तर लग्नातही होत नाही! मी दोन्ही हात जोडून सगळ्यांना नमस्कार करत चाललो. गर्दी दुभंगली, कुणीतरी पाठीवर थाप मारली आणि मी एका मऊ खड्ड्यात उतरलो. समोर एक धिप्पाड तरुण उभा. त्यानं मूठभर माती उचलून माझ्या खांद्यावर टाकली.

मला वाटलं, मुलीचा भाऊ! मी अदबीनं विचारलं, "अण्णा कुठं आहेत?"

त्यानं मला उचललं.

त्यानंतर मला फक्त आभाळ दिसलं. स्वच्छ, निळं. आभाळाच्या कडेनं एकेक तोंड उगवू लागलं. पहिलं तोंड मामांचं.

"अहो, थांबा! हा आमचा बाळू आहे!"

शेजारी पांढरेशुभ्र कपडे, नाकाला रुमाल, हातात विजेत्याला बांधायचा पटका घेतलेले एक गृहस्थ. अण्णा! जत्रेच्या कुस्त्यांना बक्षीस द्यायला त्यांना बोलावलं होतं. कोल्हापूरकडचा एक पैलवान यायचा होता, त्याच्या वाटेकडं गाव डोळे लावून बसलं होतं, आणि मला घेऊन आलेली ती दोघं त्यालाच आणायला धावली होती. मामांची माणसं दुसऱ्याच उताराला माझी वाट बघत होती. आणि खरा पैलवान त्याच घटकेला गर्दीतून आत येत विचारत होता, "माझी कुस्ती कुणाबर हाय?"

गाव किती हसलं ते विचारू नका. मी दस्तगीरला म्हटलं, "लेका, तू बोलला का नाहीस?"

"मला वाटलं, तुला ठावं हाय! कायम नवीन काय तरी करून बघायचं आसतंय की तुला."

अण्णा मात्र हसले नाहीत. खाली वाकले. माझ्या दंडावरची माती झटकून बोट घासलं, बोट उन्हात धरून बघितलं, हुंगलं. लग्नाचा निकाल त्या बोटाच्या टोकावर होता.

"अंगाला मळ नाही," अण्णा म्हणाले. मग माझ्या डोक्याकडं बघत राहिले. "डोक्याचं मात्र काहीतरी करायला पाहिजे."

मामांनी मला घरी नेऊन तीन वेळा न्हाऊ घातलं. संध्याकाळी मुलगी बघितली. बघितली कसली, मान वर करायची सोय नव्हती, पाठ धरली होती. नकार येणार हे मी धरूनच चाललो होतो. तर दुसऱ्या दिवशी होकार! आणि तोही मुलीनं स्वतः अण्णांना सांगितलेला!

तीच तुमची वहिनी. कित्येक वर्षं मला एकच कुतूहल होतं. हिनं हो का म्हटलं? माझी विद्या बघून? धीर बघून? वस्तादांच्या मातीनं आलेली कांती बघून? शेवटी एका रविवारी सकाळी, ही तांदूळ निवडत बसली होती, तेव्हा विचारलंच. "सगळं गाव हसत होतं. तरी तू होकार कसा दिलास?"

हिनं सुपातून डोकंही वर केलं नाही. "अण्णांनी घरी येऊन सांगितलं, मुलगा हात लावायच्या आत आडवा झाला, आणि वर एका शब्दानं तक्रार केली नाही. म्हटलं, असा नवरा परत मिळायचा नाही. उठा आता, आंघोळीचं पाणी निवतंय."

आणि मी उठलो की!