शेवटच्या प्रकरणाची पिन

त्या लेखकाचं नाव मी घेणार नाही. एके काळी आमच्या घरात ते देवाच्या खालोखाल घेतलं जायचं, म्हणून तर राग जास्त आहे.

माझे वडील झुंबरअण्णा मखमलाबादला फुलशेती करायचे. दुपारी ओट्यावर झेंडूचे ढीग पडायचे. आई हार ओवायची आणि अण्णा तिला रहस्यकथा वाचून दाखवायचे. आईला अक्षरओळख नव्हती. अण्णांची शाळाही चौथीतच सुटलेली, त्यामुळे ते ओळीवर बोट ठेवून, ते सरकवत सरकवत वाचायचे. पुस्तकं शहरातल्या द्वारका चौकातल्या एका स्टॉलवरून यायची. सगळी याच लेखकाची, सगळ्यांत तोच इन्स्पेक्टर कारखानीस आणि त्याचा हवालदार.

शेवटचं प्रकरण आलं की अण्णा उरलेल्या पानांना सेफ्टी पिन लावायचे. "बोल, कोणी मारलं?" आईनं नाव सांगितल्याशिवाय पिन निघायची नाही. आई छातीठोकपणे कोणाचं तरी नाव घ्यायची आणि हमखास तोंडघशी पडायची. मग सुई बाजूला ठेवून पोट धरून हसायची. "फसवलं मेल्यानं!" याहून मोठं कौतुक तिच्याकडे नव्हतं. नव्वदीची ती सगळी वर्षं आमच्या ओट्यावर खून पडत होते आणि आम्ही मजेत होतो.

मग लेखकानं लिहिणं थांबवलं. २००४ साली आईला कॅन्सर निघाला, हार ओवणं सुटलं. त्याच उन्हाळ्यात स्टॉलवर त्याचं नवं पुस्तक लागलं. अण्णा ते पिशवीत न टाकता हातात धरूनच घरी आले.

"अगं, कारखानीस आला बघ!"

आई उशीला टेकून उठून बसली. कित्येक दिवसांनी, स्वतःहून.

पुस्तक टुकार होतं. कारखानीस पानोपानी भाषणं ठोकत होता. दुसऱ्या प्रकरणात डॉक्टर आला आणि खुनी हाच, हे मलासुद्धा कळलं. अण्णांचा आवाज पडत गेला. मला तर त्या लेखकाच्या घरी जाऊन भांडावंसं वाटत होतं. अण्णांनी पिन लावली.

"बोल."

"डॉक्टर," आई म्हणाली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा ती जिंकत होती आणि तिचा चेहरा एवढासा झाला होता.

अण्णांनी पिन काढली, जरा वेळ पानाकडे बघितलं आणि वाचू लागले. डॉक्टर निर्दोष निघाला. खून केला होता कारखानिसाच्या हवालदारानं, त्याच्या इतक्या वर्षांच्या सोबत्यानं. आई हसली. दुखत होतं तरी पोट धरून हसली.

"फसवलं मेल्यानं!"

संध्याकाळी मी तिला पाणी पाजत होते. "रूपे, त्यांचं बोट एकाच जागी होतं गं," ती हळूच म्हणाली. "सरकलंच नाय. त्यांना सांगू नको."

आई दिवाळीच्या आत गेली. पुढच्या वर्षी मी आणि अण्णा द्वारकेला गेलो, तर स्टॉलवर त्याच लेखकाचं आणखी एक पुस्तक. अण्णांनी ते उचललं, उलटंसुलटं केलं, परत ठेवलं आणि भर गर्दीत रडायला लागले.

"लय जीव लावला होता गं त्याच्यावर. तिला एकदा, शेवटचं फसवायचं होतं. तेवढं बी नाय जमलं त्याला. मलाच खोटं वाचावं लागलं." मग बाहीनं डोळे पुसत म्हणाले, "पण फसली ती. कशी हसली होती, नाय?"

"हो अण्णा," मी म्हणाले. "पार फसली."