शटरवरचा पत्ता

माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान शिलाई मशीनची दुरुस्ती करतात. आम्ही त्यांना दाजी म्हणतो. माणूस कामाला पक्का, पण एका जागी स्वस्थ बसणं त्यांच्या रक्तात नाही. जेवताना पाटावर बसले तरी एक गुडघा हलत असतो, जणू खाली पायडल आहे. ताई म्हणते, "यांच्या उशाशी मशीन ठेवलं तर कूस बदलायच्या आत खोलून ठेवतील."

त्यांचा गाळा रुंदीला दोन मशीन मावतील एवढा. भिंतीला पट्टे टांगलेले, पत्र्याच्या डब्यांत सुया, शटल, स्प्रिंगा. इमारतीच्या मालकाला खालचे सगळे गाळे एक करायचे होते, म्हणून शनिवारी जागा सोडायची ठरली. पुढचं काम घराच्या मागच्या खोलीत. प्रश्न एकच होता. गाळ्याचा रस्ता पाठ असलेलं गिऱ्हाईक आता दाजींना शोधणार कसं?

दाजींच्या मते उत्तर तयार होतं. त्यांच्या मुलीनं नोकरीसाठी परगावी जाण्याआधी त्यांना एक फुकटातला ब्लॉग काढून दिला होता. टीप सैल का पडते, दोरा सारखा का तुटतो, तेल कुठे घालावं आणि मुख्य म्हणजे कुठे घालू नये, असं ते त्यावर लिहीत. लोक वाचतही. पण ब्लॉगचा पत्ता एवढा लांबलचक, की सांगून पुरा होईपर्यंत गिऱ्हाईक पायरी उतरून जाई. त्यात अर्ध्याहून जास्त नाव ब्लॉग देणाऱ्या कंपनीचं. म्हणून दाजींनी दुकानाच्या नावाचं स्वतःचं डोमेन, म्हणजे छोटासा, आपल्या मालकीचा पत्ता घेतला. आणि तो ब्लॉगला जोडायच्या आधीच पेंटरला बोलावून शटरवर वीतभर अक्षरांत रंगवून टाकला.

"अहो, आधी चालू तर होऊ द्या," मी म्हटलं.

"मेव्हणे, तुमचं आपलं आधी सही, मग शिक्का, मग चहा! एवढ्यात गिऱ्हाईक दुसरीकडे जातं."

"खाली फोन नंबर तरी घाला," ताई म्हणाली.

"नंबर दोनदा बदलून झाला. पत्ता कायमचा. नंबर आत आहेच की."

जोडणी मी करून दिली. काम अवघड नव्हतं. डोमेन जिथून घेतलं, तिथल्या सेटिंगमध्ये दोन ओळी भरायच्या. पहिली सांगते, या नावानं कुणी आलं तर त्याला ब्लॉगकडे पाठवा. दुसरी ही नुसती खूण, की नाव खरंच तुमचं आहे. मग ब्लॉगच्या सेटिंगमध्ये तेच नाव लिहायचं आणि थांबायचं. ही खबर ठिकठिकाणच्या यंत्रांपर्यंत पोचायला काही तास लागतात, कधी दोन दिवसही. मी दाजींना हे नीट समजावलं. त्यांनी मानही डोलावली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात त्यांचा फोन. "उघडत नाही."

"थांबा."

जेवणाच्या सुट्टीत पुन्हा. "अजून नाही."

"दाजी, हात नाही ना लावलात?"

"छे! हात कशाला लावू?"

संध्याकाळी त्यांच्या घरी गेलो तर हात लावून झाला होता. त्यांच्या धंद्याची रीतच तशी. टीप बिघडली की ताणाचा स्क्रू किंचित फिरवायचा, चिंधीवर चालवून बघायचं, पुन्हा फिरवायचा. मशीन लगेच उत्तर देतं. इथे त्यांनी फिरवलं, उत्तर आलं नाही, म्हणून पुन्हा फिरवलं. पहिली ओळ पुसून परत भरली. दुसऱ्या ओळीतली ती अर्थ न लागणारी अक्षरं बघून त्यांना वाटलं, हा जोडणीत उरलेला जादा स्क्रू आहे. ती काढूनच टाकली. मग ब्लॉगमधलं नाव काढून पुन्हा घालायला गेले, तर ब्लॉग ते घेईना. खूणच नव्हती, घेणार कशाला?

भाचीला व्हिडिओ कॉल लावला. ती फोनवरच कपाळाला हात लावून बसली. "बाबा, कुकरचं झाकण दर मिनिटाला उघडून बघितलंत तर भात शिजेल का?"

"तू मला भात शिकवू नकोस."

"मग मीच सांगते," ताई मध्ये पडली. "शनिवारपर्यंत नाही उघडलं, तर शटरवर नुसती रांगोळी काढल्यासारखं होईल. लोक बघतील नि पुढे जातील."

दाजींचा गुडघा थांबला. तेवढाच त्या दिवशी थांबला.

भाचीनं सांगितलं तशा ओळी मी पुन्हा भरल्या. ताईनं लॅपटॉप उचलून माझ्या पिशवीत घातला. "घेऊन जा हा. घरात राहिला तर हे पुन्हा खोलतील." फोन मात्र दाजींच्या हातात होता. स्वयंपाकघर ते दार, दार ते खिडकी असे फेऱ्या घालत ते पान पुन्हा पुन्हा उघडत राहिले.

शनिवारी टेम्पो आला. मशीनं चढली, डबे चढले, शेवटी शटर खाली ओढलं. पत्ता मोठा झोकात दिसत होता. दाजींच्या फोनवर मात्र अजून तेच, पान सापडत नाही. ते येणाऱ्या-जाणाऱ्याला अडवू लागले. "जरा तुमच्या फोनवर हे उघडून बघता?" एकजण घाईत निघून गेला. समोरच्या औषधाच्या दुकानातली बाई बाहेर आली, तिनं पत्ता टाकला आणि म्हणाली, "उघडलं की! तेल घालण्याबद्दल लिहिलंय."

दाजींनी तिचा फोन जवळजवळ हिसकावलाच. एका हातात तिचा, एका हातात स्वतःचा. एकावर ब्लॉग, दुसऱ्यावर काहीच नाही.

"कुठे आधी पोचतं, कुठे उशिरा," मी म्हटलं.

"म्हणजे निम्म्या लोकांना मी सापडणार, निम्म्यांना नाही? हा काय न्याय झाला?"

ताई टेम्पोत चढून बसली होती. "चला आता. शटरशी लग्न लावायचंय का?"

तेवढ्यात दाजींचा फोन वाजला. पलीकडे पडदे शिवणारी कुणी बाई होती. आवाज मोठा, मलाही ऐकू येत होता. ती सकाळी दुकान उघडायच्या आधी रस्त्यानं जाताना शटरवरचा पत्ता वाचून गेली होती, घरी जाऊन उघडला, पानाच्या तळाशी नंबर मिळाला. तिचं मशीन अडकलं होतं आणि पडदे सोमवारी द्यायचे होते.

"चाक उलटं फिरवू नका," दाजी म्हणाले. "कशालाच हात लावू नका. मी येतो." हत्यारांची पिशवी त्यांनी टेम्पोतून पुन्हा खाली काढली.

"अहो, सामान कोण उतरवणार?" ताई ओरडली.

"मेव्हणे आहेत ना!"

"दाजी, तुमच्या फोनवर अजून उघडलेलं नाही," मी म्हटलं.

"माझ्या फोनवर उघडून काय करायचंय? मी कुठे राहतो ते मला ठाऊक आहे."

आणि ते निघाले, नेहमीच्या घाईत. रस्त्याच्या वळणावर मात्र थांबले, खिशातून फोन काढला, पान पुन्हा एकदा उघडून बघितलं, मान हलवली आणि पुढे गेले.